नेलेल्या भिंतीची खूण

उत्तर यॉर्कशरमधलं ऑल्डबरो हे गाव इसुरियम ब्रिगँटम या रोमन शहराच्या तटबंदीत वसलंय. परसात कुदळ मारायची तर आधी सरकारी परवानगी हवी. न खणता, जमिनीत रेडिओ लहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी नोंदणाऱ्या आमच्या रडार यंत्रालाही पुरातन वास्तूंच्या 1979 च्या कायद्याचा परवाना काढावा लागला होता.

त्या दिवशीचं परस 20 मीटर बाय 10 मीटर. कडेला लोखंडी कुंपण, पलीकडे मोटार. अशा ठिकाणी चुंबकीय मापक चालत नाही, लोखंडाच्या गोंगाटात जमिनीतलं काहीच उमटत नाही. म्हणून रडारची 400 मेगाहर्ट्झची अँटेना घेतली. 25 सेंटिमीटरवर एक अशा 41 फेऱ्या, अँटेना सतत जमिनीला टेकलेली. ती गवतावर उचलली गेली की तेवढ्या पट्ट्यात नोंद बिघडते.

पडद्यावर आधी लांबलचक सरळ रेघ आली. तिला भिंत समजायचा मोह होतोच. पण प्रत्येक छेदात, म्हणजे एका फेरीखालच्या जमिनीच्या उभ्या चित्रात, टोकदार कमान आणि तिच्याखाली त्याच कमानीच्या पुसट प्रती दिसत होत्या. हे लक्षण धातूच्या नळाचं. भिंतीचा माथा सपाट आणि रुंद उमटतो. शिवाय रेघ रोमन रस्त्यांच्या आखणीला तिरकी जात होती.

खरी गोष्ट 20 नॅनोसेकंदांवर (सेकंदाच्या अब्जांशांवर) होती, म्हणजे तिथून प्रतिध्वनी यायला तेवढा वेळ लागत होता. कमानींच्या आकारावरून लहरीचा वेग काढला तो नॅनोसेकंदाला 8 सेंटिमीटर. लहर जाऊन परत येते, म्हणून निम्मं करायचं: खोली 80 सेंटिमीटर. तिथे दोन्ही बाजूंना फरशीचे ठसठशीत थर होते आणि मध्ये साधारण मीटरभर रुंदीचा विस्कटलेला पट्टा. थर दोन्हीकडे एकाच रेषेत कापल्यासारखे थांबत होते. भिंत तिथेच उभी होती. नंतरच्या लोकांनी पायापर्यंत उकरून दगड नेले आणि चर उरलेल्या चुन्या-मातीने भरला. खेडं रोमन शहराच्या डोक्यावर बसलंय, तसंच ते शहर खेड्याच्या दगडांतही आहे. 14 व्या शतकातल्या सेंट अँड्र्यू चर्चमध्ये मर्क्युरी या देवाचं रोमन शिल्प आजही बघायला मिळतं.

असे पट्टे घाईत ‘रिकामी जागा’ म्हणून सोडले जातात, त्याचं मला फार वाईट वाटतं. दगड नसले तरी दालनाची मापं त्यावरूनच मिळतात. नकाशात ती भिंत तुटक रेषेने काढली, नळ निळ्याने, आणि अँटेना पुसून शेजारच्या परसाची दोरी आखायला घेतली.