लसण्या की वैडूर्य?

शब्दकोड्यात आडवा शब्द होता, 'एक रत्न', अक्षरं तीन. मी लगेच पेननेच लसण्या लिहून मोकळी झाले (पेन्सिलने कोडी सोडवणाऱ्यांचं आणि माझं जमत नाही) आणि मग उभे शब्द काही केल्या जुळेनात. उत्तर निघालं वैडूर्य. म्हणजे खडा तोच, एक नाव फोडणीतलं आणि एक सोवळ्यातलं!

मग काय, कोडं राहिलं बाजूला. पाणिनी म्हणतो विदूरहून येतं ते वैडूर्य. पतंजली त्यावर शंका काढतो की अहो, खडा निघतो वालवाय नावाच्या डोंगरात, विदूरला तर त्याला नुसतं घासूनपुसून तयार करतात, मग नाव विदूरचं कसं? आणि उत्तरही मजेशीर, व्यापारी लोक वाराणसीला जित्वरी म्हणतात ना, तसं व्याकरणवाले वालवायालाच विदूर म्हणतात, झालं. मला विचाराल तर नाव घासणाऱ्या गावाचंच हवं, कारण लसण्यात मांजराच्या बुबुळासारखी जी रेघ सरकते ती आतल्या केसासारख्या बारीक समांतर सुयांवरून उजेड परतल्याने दिसते, आणि तीही खडा घुमटासारखा गोल घासला तरच. नाहीतर नुसता पिवळट दगड.

पुढे पालीत वेळुरिय, ग्रीकमध्ये बेरिल्लोस, असं करत नाव पार जर्मनीत गेलं, तिथे भिंगं आधी अशाच पारदर्शक खड्यांची करायचे म्हणून चष्म्यालाच ब्रिल म्हणायला लागले. 1798 मध्ये वोकलँ नावाच्या फ्रेंच केमिस्टला बेरिल या खनिजात (नाव त्याच बेरिल्लोसवरून) नवं मूलद्रव्य सापडलं. त्याचे क्षार गोड लागतात म्हणून आधी नाव पडलं ग्लुसिनियम, बेरिलियम नंतरचं. हे विषारी असतं बरं का, आणि यांनी चाखून बघितलं!

गंमत म्हणजे आज बेरिल म्हणजे पाचूचं घराणं. आपला लसण्या त्यातला नाहीच, तो क्रायसोबेरिल, खनिज वेगळं. बेरिलियम दोघांत आहे एवढंच काय ते नातं.

कोड्यात मी ल वर वै, स वर डू आणि ण्या वर र्य गिरवलंय. आता तिथे काय लिहिलंय ते ब्रिल लावूनही कळत नाही.