मिसळीचा तिखटपणा मोजायचा कसा?

नाशिकची काळ्या मसाल्याची मिसळ खाऊन कान तापतात, पण तिखट ही मुळात चव नव्हेच. मिरचीतलं कॅप्सायसिन हे रसायन जिभेवरच्या टीआरपीव्ही१ या ग्राहींना, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या प्रथिनांना, चेतवतं. एरवी हे ग्राही साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर जागे होतात, म्हणून ट्रायजेमिनल नर्व्ह या चेहऱ्याच्या आणि तोंडाच्या संवेदना वाहणाऱ्या नसेमधून मेंदूला निरोप जातो: भाजलं!

उतारा पाणी की दही, हे तपासायचंय? निम्म्यांना आधी पाणी द्या, निम्म्यांना आधी दही; दुसऱ्या फेरीत उलट. तर्री एकाच तापमानाची, चमच्याने मोजून. दर अर्ध्या मिनिटाला तिखटपणाचे ० ते १० गुण लिहून घ्या. सगळ्यांना पाणीच आधी दिलं तर घोळ होतो: दुसऱ्या फेरीपर्यंत जीभ बधिरलेली असू शकते आणि श्रेय दही लाटतं. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी दह्याचा दाटपणा कळतोच. तिथे हा प्रयोग लंगडाच.