आयर्विनला किती फूट?

६ एप्रिल

सांगलीला जायचं नक्की झालं. कुपवाड एमआयडीसीतल्या नोकरीचं पत्र ह्याच्या हातात पडलं, जूनच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचंय. लेकीची आठवी तिकडेच सुरू होईल. आईंना सांगितलं तेव्हा त्या वाती वळत बसल्या होत्या. "गावभागातच बघा घर," एवढंच म्हणाल्या, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीत, आणि पुढचा कापूस हातात घेतला.

आईंचं माहेर सांगलीचं. लग्न होऊन पुण्याला आल्या त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली, पण त्यांच्या बोलण्यातली सांगली जागची हललेली नाही. गणपती मंदिर, कृष्णेचा घाट, श्रावणात हरिपूरला संगमेश्वराचं दर्शन. सासूबाई माहेरी परत निघाल्यात, ही या सगळ्या धावपळीतली सगळ्यात सुखाची गोष्ट आहे.

माझा जीव अडकलाय तो तळमजल्यात. आम्ही सिंहगड रस्त्यावर राहतो. २०२४ च्या २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पहाटे एकतानगरीत शिरलं. आमच्या इमारतीपर्यंत पाणी आलं नाही, पण वीज गेली, लिफ्ट बंद पडली आणि आई चौथ्या मजल्यावर अडकल्या. दोन्ही गुडघे गेलेले. त्या दिवशी त्यांना काही झालं असतं तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली आणण्याशिवाय इलाज नव्हता. तेव्हाच ठरवलं होतं की पुढचं घर तळमजल्यावर घ्यायचं. आणि आता चाललोय कुठे, तर सांगलीला. जिथे तळमजला म्हटलं की लोक आधी कृष्णेचं नाव घेतात.

९ एप्रिल

रात्री सगळे झोपल्यावर जुन्या बातम्या आणि नकाशे काढून बसते. सांगलीचा पूर फुटात मोजतात, आयर्विन पुलापाशी. १९२९ सालचा पूल. तिथे ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याच्या खुणेवर आणखी बारा फूट, म्हणजे एक अख्खा मजला. हा आकडा वहीत लिहिताना हात थांबला.

पूर येतो कसा, हेही नीट समजून घेतलं. कोयना धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं. त्यातलं पाणी कराडला कृष्णेत येतं आणि मग खाली सांगलीकडे. दुसरीकडून वारणा येते, ती सांगलीच्या खालच्या अंगाला हरिपूरपाशी कृष्णेला मिळते. वारणा भरलेली असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. त्याच्याही खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा येऊन मिळते, तीही तुडुंब असेल तर वाट आणखीच अडते. खाली कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावरून तर दर पावसाळ्यात वाद पेटतो. त्यातलं खरं-खोटं ठरवणं माझं काम नाही. माझ्यापुरतं एवढं कळलं की सांगलीत पाऊस किती पडतोय याला फारसा अर्थ नाही. डोक्यावर कोरडं आभाळ असलं तरी दारात पाणी येऊ शकतं. बघायचं ते नद्यांच्या वरच्या अंगाला, महाबळेश्वर, कोयनानगर, चांदोलीकडे.

पूररेषांचंही वाचलं. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण २००५, २०१९, २०२१ अशी सालं एकाखाली एक लिहिली की त्या 'शंभर वर्षांतून एकदा'वर भिस्त ठेवून घर घ्यायला मन धजत नाही.

१३ एप्रिल, सांगली

मामांकडे उतरलोय. आईंचे धाकटे भाऊ, गावभागातलं वडिलोपार्जित घर. खाली कोणी राहत नाही. दोन खोल्यांत सायकल, रिकामे डबे, जुना पाट, एवढंच. सगळा संसार वरच्या मजल्यावर. मामींनी जिन्याच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवलं, "हितपर्यंत होतं, एकोणीसला." बोट माझ्या डोक्याच्या वर होतं. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला किती दिवस गेले, तो वास महिनोनमहिने कसा गेला नाही, धान्याच्या कणग्या कशा फुगून फुटल्या, सगळं सांगितलं. बोलताना कुठेही तक्रार नव्हती. फक्त लग्नातल्या फोटोंचा अल्बम गेला हे सांगताना गप्प झाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

राजवाडा चौकातल्या नगर वाचनालयाची पुस्तकंही त्याच पुरात भिजली. मामा तिथले जुने वाचक. ते स्वतःच्या घराचं जेवढ्या शांतपणे सांगतात, तेवढ्या शांतपणे वाचनालयाचं सांगू शकत नाहीत.

दुपारी एजंटबरोबर घरं बघायला निघालो. ऊन मी म्हणत होतं. मार्केट यार्डाच्या बाजूने गेलो तर हळदीचा हंगाम चालू, पोत्यांच्या थप्प्या आणि हवेत तो कडसर मातकट वास. इथली हळद पूर्वी हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. तिथली मातीच अशी की वर्षानुवर्षं माल टिकायचा. २००५ च्या पुरानं त्यातली बरीच पेवं बाद केली. रिक्षावाल्या काकांनी हे आपणहून सांगितलं. मी पुराचंच विचारत फिरतेय हे एव्हाना त्यांच्या लक्षात आलं होतं.

पहिलं घर कोल्हापूर रोडच्या आतल्या बाजूला. तळमजला, पुढे अंगण, जास्वंदीचं झाड, भाडं आवाक्यातलं. नुकताच रंग दिलेला. एजंट म्हणाला, "पाण्याचं काय टेन्शन घेऊ नका ताई, इथं काय येत नाही." मी भिंतींकडे बघितलंच नाही, रंग कुणीही देतो. लाइटचे मीटर बघितले. ते जिन्यात, हात वर करूनही पोचणार नाही इतक्या उंचीवर बसवलेले. प्लगचे पॉइंट खांद्याच्या वर. स्वयंपाकघरातली खालची ट्रॉली ओढली तर अर्ध्यात अडकली. आतलं प्लायवूड फुगलेलं होतं आणि कोपऱ्यात बोटाला लागेल असा बारीक करडा गाळ. मी तो ह्याला दाखवला. ह्याने ट्रॉली हळूच आत ढकलली आणि एजंटला पुढचं घर दाखवायला सांगितलं.

बाहेर कोपऱ्यावर एक मावशी कपड्यांना इस्त्री करत होत्या. त्यांना विचारलं. इस्त्री खाली न ठेवताच म्हणाल्या, "आयर्विनला चाळीस झालं की आमी गठुडं बांधाय घेतो. पंचेचाळीस झालं की पोरांस्नी पावण्याकडं धाडतो. आपुन मागनं." मग एकदा आमच्या आईंकडे बघितलं, त्या रिक्षात बसल्या होत्या. "म्हातारं माणूस हाय व्हय? मग हितं नका घेऊ बाई." इतक्या दिवसांत मला मिळालेली ही सगळ्यात नेमकी माहिती.

त्यानंतर पद्धतच ठेवली. घर बघायच्या आधी त्या गल्लीतल्या किराणावाल्याला, दूध घालणाऱ्याला, गॅसची टाकी पोचवणाऱ्याला विचारायचं. 'पाणी येतं का?' असं विचारलं की लोक 'नाही' म्हणून मोकळे होतात, कुणाला आपल्या गल्लीचं वाईट बोलायचं नसतं. 'एकोणीसला पाणी कुठल्या घरापर्यंत होतं?' असं विचारलं की माणूस दुकानातून बाहेर येतो आणि बोटानं दाखवतो. शामरावनगरात तर दोघांनी सांगितलं की तिथे नदीची वाट बघावी लागत नाही, नुसत्या पावसाचंच पाणी दिवसेंदिवस तुंबून राहतं.

१४ एप्रिल, सांगली

सकाळी आईंना गणपतीला नेलं. मंदिराच्या आवारात त्या माझा हात सोडून एकट्या चालल्या, भिंतीला धरून. नंतर घाटाच्या वरच नेऊन बसवलं, पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं. नदी खाली, शांत, उन्हाळ्यातली. लेक मगरी दिसतात का ते शोधत होती. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत हे कळल्यापासून तिचा सांगलीवरचा राग बराच निवळलाय. आई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्ही पूर बघायला यायचो गं. आबा खांद्यावर घ्यायचे. पाणी वाढलं की ओटी भरायला बायका यायच्या. भीती नव्हती वाटत."

मी त्यांना सरळच सांगितलं. गावभागात तळमजला घेतला तर पावसाळ्यातले दोन महिने मला झोप लागणार नाही. वरचा मजला घेतला तर तुम्ही घरात कोंडून पडाल, इथे असूनही गणपती दिसणार नाही. त्या काही बोलल्या नाहीत. पण परत येताना मामांच्या घराशी रिक्षा थांबली, तेव्हा जिन्यातल्या त्या खुणेकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितलं. कालपासून बघायचं टाळत होत्या, माझ्या लक्षात आलं होतं.

संध्याकाळी विश्रामबागला दोन घरं बघितली. हा भाग उंचावर, विलिंग्डन कॉलेजच्या बाजूचा. इथे विचारलं तर लोक वेगळंच सांगतात. पुराच्या वेळी आमच्याकडे किती पाहुणे होते, कुठल्या शाळेत लोकांची सोय केली होती, पोळ्या कुठून गोळा झाल्या. दुसरं घर तळमजल्यावरचं, पायऱ्या दोनच, त्याही बुटक्या. मीटर छातीच्या उंचीला. ट्रॉल्या जुन्या, गंजलेल्या, पण खालचं लाकूड सपाट, कोरडं. मागे मोरी आणि धुणं वाळत घालायला जागा. भाडं पहिल्या घरापेक्षा बरंच जास्त. मालकीणकाकूंनी आईंना खुर्ची दिली आणि माहेर कुठलं विचारलं. मग अर्धा तास त्या दोघींना तिसरं कुणी लागलं नाही.

१६ एप्रिल, पुणे

पैशांचं गणित परत मांडलं. भाड्यातला फरक दर महिन्याला बोचणार आहे. पण कोल्हापूर रोडच्या घरात एकदा पाणी शिरलं तर फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, कपाटं, लेकीची पुस्तकं, सगळंच जाणार. आणि आईंना रात्री-बेरात्री हलवणं हे पैशात मांडताच येत नाही. ह्याचंही तेच मत. मिरज जवळ पडतं, दवाखान्यांची सोय मिरजेइतकी आसपास कुठेच नाही, हीसुद्धा विश्रामबागची जमेची बाजू.

आईंनी आज जेवताना स्वतःहूनच विषय काढला. "विश्रामबागचं घ्या," म्हणाल्या. "पण दर मंगळवारी आणि चतुर्थीला मला गणपतीला न्यायचं. आणि पाऊस सुरू झाला की भावाला चार दिवस आधीच आपल्याकडे बोलवायचं, पाणी चढायची वाट बघायची नाही." दोन्ही अटी मान्य केल्या. दुसरी अट तर मी आधीच मनात धरली होती, म्हणून तिथे तीन खोल्यांचं घर बघितलं.

जेवण झाल्यावर त्यांनी मामांना फोन लावला. पाच-दहा मिनिटं नुसती वादावादी. मामा म्हणत असावेत, घर सोडून कुठे जायचं. आईंचा आवाज चढला, "आयर्विनला पस्तीस झालं की तू निघायचंस. चाळीसची वाट बघायची नाही, सांगून ठेवते." हे आकडे त्यांच्या तोंडी कधी बसले, कळलंच नाही.

१९ एप्रिल

काकूंना टोकन पाठवलं. अकरा महिन्यांचा करार, ताबा २५ मेपासून. लेकीच्या शाळेत दाखल्यासाठी अर्ज दिला. सांगलीच्या शाळेनं शाळा सोडल्याचा दाखला आणि सातवीचं प्रगतिपुस्तक मागितलंय. गॅसचं ट्रान्सफर इथूनच करून न्यायचं. रेशनकार्डाचं तिकडे गेल्यावर. टेम्पोवाल्याशी बोलणं झालं, तो मेच्या शेवटच्या आठवड्यात यायला तयार आहे, पण वळवाचा पाऊस असेल तर ताडपत्रीचे वेगळे पैसे म्हणतोय. ते देऊ. गाद्या भिजून चालणार नाहीत.

आईंचा पलंग तेवढा राहिलाय. जुना, सागवानी, दारातून जातो की नाही ते मोजायला हवं. काकूंना उद्या फोन करून दाराची रुंदी विचारते.