जलअस्वलांची नोंदवही : ओल्या नमुन्याची फ्रीझरमधील फेरी

पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवर दाटलेले शेवाळ मे महिन्यात वाळून कुरकुरीत होते आणि त्याच शेवाळात राहणाऱ्या जलअस्वलांवर, म्हणजेच टार्डिग्रेड नावाच्या आठ पायांच्या सूक्ष्म प्राण्यांवर, माझे थंडीचे प्रयोग चालू आहेत. मागील फेरीत कोरडे शेवाळ आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवले होते आणि भिजवल्यावर त्यातील बहुतेक प्राणी चालू लागले होते. त्या निकालाला मी आता थंडीची परीक्षा मानत नाही. पाय आत ओढून पिंपासारख्या आखडलेल्या त्या प्राण्याच्या शरीरात गोठण्याजोगे पाणी जवळजवळ उरलेलेच नसते.

म्हणून या वेळी शेवाळ रात्रभर भिजवून पिळले, चाळीस पट वर्धनाखाली हालचाल करणारे २४ प्राणी ड्रॉपरने वेचले आणि दोन लहान बाटल्यांत बारा-बारा सोडले. एक बाटली थेट उणे १८ अंशांवर ठेवली, तर दुसरी थर्माकोलच्या जाड डब्यात घालून ठेवली, म्हणजे ती सावकाश थंड होईल. तीन दिवसांनी दोन्ही बाटल्यांतील बर्फ हळूहळू वितळू दिला. थेट गोठवलेल्यांपैकी दोघांनीच पाय हलवले. सावकाश गोठवलेल्यांपैकी सात जण हालले.

हा फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो. थंडी हळूहळू वाढली की बर्फ आधी पेशींबाहेर धरतो, उरलेल्या पाण्यात क्षार दाटत जातात आणि पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. पेशी आक्रसते, पण तिच्या आत बर्फाचे स्फटिक होत नाहीत. थंडी एकदम आली, तर पाणी बाहेर पडायला सवडच मिळत नाही. उत्तरेकडील बर्च वृक्षांच्या फांद्याही पेशींमधल्या मोकळ्या जागांत बर्फ होऊ देऊनच हिवाळा काढतात. अलास्कातील वनबेडकाच्या शरीरातील सुमारे दोन-तृतीयांश पाणी गोठते, हृदय थांबते आणि यकृतातून आलेली साखर पेशींना सावरून धरते. म्हणजे पेशीच्या दृष्टीने कडाका आणि दुष्काळ यांचा घाव बराचसा सारखाच असतो. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सोसलेल्या आणि पारा शून्याखाली कधीच न गेलेल्या नागपुरातील प्राणी बर्फात तगतो, तो माझ्या मते उन्हाळ्यात सुकण्याची सवय असल्यामुळेच.

एक दुरुस्तीही नोंदवणे आवश्यक आहे. हाललेल्या सातांपैकी दोन प्राणी पाचव्या दिवशी निश्चल झाले, त्यामुळे केवळ पाय हलवणाऱ्याला जिवंत मोजणे चूक होते. अंटार्क्टिकात १९८३ मध्ये गोळा करून उणे २० अंशांवर ठेवलेले शेवाळ जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये वितळवले, तेव्हा त्यातील एका जलअस्वलाला खाऊ लागायलाच सुमारे दोन आठवडे लागले होते. पुढे त्याने १९ अंडी घातली आणि त्यातील १४ उबली. यापुढे मीही प्रत्येक नमुना तीन आठवडे पाहणार आहे.

पुढील फेरीत सावकाश थंड होणाऱ्या बाटलीत पारा शून्याच्या किंचित खाली येताच बर्फाचा एक कण टाकेन, म्हणजे गोठणे तेव्हाच हळूहळू सुरू होईल, कारण एरवी थोडेसे स्वच्छ पाणी शून्याखालीही बराच वेळ द्रवच राहते आणि मग एकाएकी गोठते. डब्यातील बाटलीतही तसेच घडले असावे आणि उरलेले पाच त्यातच गेले असावेत, असा माझा संशय आहे.