‘टेक ऑफ’चा तास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत स्नेहसंमेलने, सहली आणि बक्षीस समारंभ यांविषयी माझे सोबती आपुलकीने लिहितीलच. मला लिहायचे आहे ते नववीत असताना आमच्या इंग्रजीच्या बाईंनी ‘टेक ऑफ’ या एकाच क्रियापदावर घेतलेल्या तासाविषयी. पुढे भाषांतर हाच माझा व्यवसाय झाला, आणि त्या तासाला शिकलेली रीत मी आजही रोज वापरतो.

क्रियापदाला ‘ऑफ’, ‘अप’ असा छोटा शब्द जोडून बनणारे जोडक्रियापद म्हणजे फ्रेझल व्हर्ब. ते शिकवण्याची ठरलेली पद्धत म्हणजे डावीकडे क्रियापद, उजवीकडे अर्थ आणि परीक्षेच्या आदल्या रात्री घोकंपट्टी. बाईंनी ती यादी आम्हांला दिलीच नाही. त्यांनी फळ्यावर सहा वाक्ये लिहिली आणि सहाही वाक्यांत क्रियापद ‘टेक ऑफ’ हेच होते. एका वाक्यात कोणी कोट उतरवत होते, दुसऱ्यात विमान धावपट्टी सोडून आकाशात झेपावत होते, तिसऱ्यात किमतीतून दहा टक्के वजा होत होते, चौथ्यात कोणी सोमवारची रजा घेत होते, पाचव्यात एक मुलगा आपल्या मित्राची हुबेहूब नक्कल करत होता, तर सहाव्यात सुरुवातीला कोणी फारसे न विचारलेले पुस्तक एकाएकी धडाक्याने खपू लागले होते.

यांपैकी एकाही वाक्याचा अर्थ त्यांनी विचारला नाही. त्यांनी विचारला तो प्रत्येक वाक्यातील ‘टेक ऑफ’चा विरुद्धार्थी शब्द. कोटाच्या वाक्यात ‘पुट ऑन’ आले, विमानाच्या वाक्यात ‘लँड’ आणि किमतीच्या वाक्यात ‘ॲड’. पुस्तकासाठी कोणीतरी ‘फ्लॉप’ सुचवले आणि बाईंनी ते आनंदाने मान्य केले. नकलेला मात्र विरुद्धार्थी शब्द काही सापडेना, आणि तो न सापडणे हीसुद्धा त्या अर्थाची एक ओळखच आहे, असे त्यांनी सांगितले. एका शब्दाचे अर्थ किती हे जाणून घ्यायचे असेल तर त्याचे विरोधक किती आहेत ते पाहावे, ही कसोटी मला तेव्हा मिळाली. अर्थ ठरवण्याचे काम क्रियापद एकटे करत नाही. वाक्यातला कर्ता आणि त्याचे कर्म त्यात निम्म्याहून अधिक वाटा उचलतात. विमान कर्ता असेल तर उड्डाण आणि कोट कर्म असेल तर उतरवणे. कर्त्याकर्माशिवाय ‘टेक ऑफ’चा अर्थ विचारणे हा प्रश्नच अपुरा आहे.

समानार्थी शब्दांकडे बाई नंतर वळल्या. उतरवण्यासाठी ‘रिमूव्ह’, वजा करण्यासाठी ‘डिडक्ट’, नकलेसाठी ‘इमिटेट’ आणि निघून जाण्यासाठी ‘डिपार्ट’ असे शब्द फळ्यावर आले. हे चारही शब्द मुळात लॅटिनचे असून त्यांतले काही फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत शिरले. 1066 मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायालये यांत फ्रेंचचा अंमल सुरू झाला आणि घरगुती बोलण्यात इंग्रजीच्या मूळ कुळातली जुनी जर्मानिक क्रियापदे राहिली. त्यामुळे मुलाला बूट काढायला सांगणारी आई ‘टेक ऑफ’ म्हणते आणि दारावरची सूचना ‘रिमूव्ह’ म्हणते. काम एकच असले तरी बोलणाऱ्याची भूमिका वेगळी असते. गंमत अशी की ‘टेक’ हा शब्दही मूळचा इंग्रजी नव्हे. तो उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतला असून त्याने ‘निमन’ या जुन्या इंग्रजी क्रियापदाला हद्दपार केले. ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ हेदेखील एकेकाळी एकच शब्द होते. त्यांतला जोर देऊन उच्चारला जाणारा ‘ऑफ’ झाला आणि दुसरा षष्ठीच्या कामाला लागला.

व्याकरणाचा भाग बाईंनी थोडक्यात आटोपला, पण त्यातले एक सूत्र पक्के करून घेतले. कोट हे नाम ‘ऑफ’च्या आधी ठेवा किंवा नंतर ठेवा, दोन्ही चालते, मात्र कोटाच्या जागी ‘इट’ हे सर्वनाम आले की ते मध्येच बसले पाहिजे. ‘टेक इट ऑफ’ बरोबर आणि ‘टेक ऑफ इट’ चूक. विमानाच्या वाक्यात कर्मच नसल्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही.

या क्रियापदांनी परकीयांचा छळ होतो हे इंग्रजांनाही फार पूर्वीपासून ठाऊक होते. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत परकीयांना सर्वांत मोठी अडचण याच जोडक्रियापदांची येते असे नमूद केले आणि जी उदाहरणे दिली त्यांत नक्कल करणे या अर्थाचे ‘टेक ऑफ’ही होते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र पुष्कळ उशिराचे; लेखक लोगन पियरसल स्मिथ यांनी 1925 मध्ये ते छापले आणि त्याचे श्रेय कोशकार हेन्री ब्रॅडली यांना दिले. जॉन्सन यांच्या काळी विमान नव्हते, त्यामुळे आज सर्वांना प्रथम आठवणारा अर्थ त्यांना माहीत असणे शक्यच नव्हते. उडी घेताना जमिनीवरून सुटणे या अर्थाला पुढे विमान मिळाले, आणि विमानावरून तो अर्थ व्यापाराकडे गेला. अर्थतज्ज्ञ वॉल्ट रोस्टो यांनी 1956 मध्ये देशाच्या आर्थिक वाढीतील एका टप्प्यालाच ‘टेक ऑफ’ असे नाव दिले. अर्थ असे एकातून एक निघाले आहेत हे दिसले की त्यांचे पाठांतर करावे लागत नाही.

त्या तासातला मला सर्वांत प्रिय असलेला भाग शेवटी आला. हा इंग्रजीचाच विक्षिप्तपणा आहे अशी आमची तक्रार होती, तेव्हा बाईंनी संस्कृतमधला प्रसिद्ध श्लोक खणखणीत आवाजात म्हणून दाखवला:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

‘हृ’ हा धातू एकच, पण आधी लागलेला उपसर्ग त्याला बळजबरीने कुठल्या कुठे घेऊन जातो. संस्कृतात हा जुलूम धातूच्या आधी बसलेला शब्द करतो आणि इंग्रजीत नंतर आलेला, एवढाच फरक. मग त्यांनी मराठीतले ‘काढणे’ घेतले. आपण बूट काढतो, चित्र काढतो, खोडी काढतो, दिवस काढतो, रजा काढतो आणि नको तिथून काढता पाय घेतो. यांतले बूट, रजा आणि काढता पाय ही तिन्ही इंग्रजीत ‘टेक ऑफ’मध्येच बसतात, हे त्यांनी दाखवले तेव्हा सारा वर्ग चकित झाला होता.

भाषांतर करताना मला याचा उपयोग अगदी बारीक जागी होतो. ‘टेक ऑफ’साठी कोशात ‘डिपार्ट’ दिलेले असते, पण विमानतळाच्या वेळापत्रकातले ‘डिपार्चर’ म्हणजे विमान आपल्या उभ्या जागेवरून हलणे, आणि ‘टेक ऑफ’ म्हणजे चाके धावपट्टीवरून सुटणे. या दोहोंच्या मध्ये बराच वेळ जाऊ शकतो. तिथे मी ‘प्रस्थान’ आणि ‘उड्डाण’ असे दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवतो. कथेतला एखादा भुरटा पोलीस दिसताच ‘टुक ऑफ’ करतो तेव्हा मात्र यांतला एकही शब्द चालत नाही. तिथे तो काढता पाय घेतो.

आज नववीत असलेल्या मुलामुलींनी हीच रीत ‘मेक अप’वर लावून पाहावी, अशी माझी विनंती आहे. त्याने बुडालेला अभ्यास भरून काढता येतो, खोटी गोष्ट रचता येते, भांडणानंतर दिलजमाई होते, मनाचा निश्चय होतो आणि अकरा खेळाडूंचा संघही बनतो. प्रत्येक वाक्यातला विरुद्धार्थी शब्द आधी शोधा आणि कोश त्यानंतर उघडा.