दोन नळ आणि चोवीस मुलं

पहिल्या वर्षीच्या शिबिराचं वेळापत्रक मी अजून जपून ठेवलंय. रंगीत पेनांनी आखलेला तक्ता, अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन. ९ ला ओळखीचे खेळ, ९.३० ला ठसेकाम, १० ला गोष्ट, १०.३० ला मैदान. इतकं देखणं झालं होतं की त्याच्या प्रती काढून पालकांना वाटल्या. पहिल्याच दिवशी दहा वाजता ते कोलमडलं, नळामुळे.

ठसेकाम तसं झकास झालं. पण चोवीस मुलांचे अठ्ठेचाळीस हात कोपरापर्यंत रंगले होते आणि आवारात नळ दोनच. एका मुलाला एक मिनिट धरलं तरी बारा मिनिटं, असा हिशोब मी तिथेच उभ्या उभ्या केला. पण सात वर्षांचं मूल एका मिनिटात हात धुतं हे गृहीतकच चुकीचं. ते आधी नळ बारीक सोडतं, मग पाण्यात निळा रंग कसा फुटतो ते बघतं, मग मागच्या मुलाला बोलावून दाखवतं, मग दोघं मिळून बघतात. पंचवीस मिनिटं गेली. रांगेतल्या शेवटच्या मुलीने कंटाळून हात भिंतीला पुसले. तो हिरवा पंजा दोनदा रंग मारूनही पुसट दिसतो. मला तो आवडतो, पण हे मालकांना सांगू नका.

तेव्हा लक्षात आलं की मी उपक्रम सगळे आखले होते, त्यांच्या मधलं काहीच आखलं नव्हतं. हॉलमधून मैदानात चोवीस जण जाणार कसे? ज्याचं दहा मिनिटांत आटपलं त्याने काय करायचं? ज्याचं अजून अर्धंच झालंय त्याच्या हातातून कात्री कोण काढून घेणार, आणि त्यानंतर होणारं रडणं कोण निस्तरणार? पोरं बिघडतात ती अशाच वेळी. दंगा, ढकलाढकली, 'ताई, हा मला चिडवतोय' हे सगळं रांगेत घडतं, काम रंगलेलं असताना नाही.

आता मी वेळापत्रक उलटं करते. आधी मधल्या जागा लिहिते, मग उरलेल्या वेळात काय बसतंय ते बघते. रंगकामानंतर गोष्ट ठेवत नाही, मोकळा खेळ ठेवते. हात धुऊन झाले की सुटलात. तीन टब मांडते: पहिल्यात रंग उतरवायचा, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. शेजारी जुन्या टॉवेलांचा ढीग. सकाळभरात उपक्रम फक्त तीन. 'एवढंच?' असं नवे मदतनीस दरवर्षी विचारतात. दुसऱ्या दिवशी विचारत नाहीत.

तिसऱ्या वर्षी मात्र मीच शहाणपण विसरले. पानांचे ठसे घ्यायचे होते. मातीच्या चपट्या लाटीवर पान दाबायचं, उचलायचं आणि उमटलेल्या शिरांवर प्लास्टर ऑफ पॅरिस ओतायचं. यात पावडर पाण्यात भुरभुरायची असते, पाणी पावडरवर ओतलं की गुठळ्या होतात. ढोबळमानाने दोन वाट्या पावडरला एक वाटी पाणी. घट्ट होताना ते गरम होतं, आणि मुलांना तेवढंच लक्षात राहतं. 'ताई, हे जिवंत आहे!' म्हणून एकच गलका. हात मात्र त्यात बुडवू द्यायचा नाही, जाड थरात चांगलंच भाजू शकतं. ही सगळी काळजी मी घेतली. आणि नंतर घमेलं उचलून सरळ बेसिनमध्ये विसळलं. प्लास्टर पाण्याखालीही घट्ट होतं, ते पाइपात जाऊन बसलं. त्या दिवसापासून शिबिर संपेपर्यंत चोवीस मुलांना नळ एक. आता उरलेलं प्लास्टर घमेल्यातच वाळू देते आणि खरवडून कचऱ्यात टाकते.

माणसांचं गणितही यातलंच. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या निकषांत दिवसाच्या शिबिरासाठी ६ ते ८ वर्षांच्या ८ मुलांमागे एक मोठं माणूस धरलंय, ९ ते १४ ला १० मुलांमागे एक. त्या हिशोबाने माझ्या चोवीस छोट्यांना तिघं पुरायला हवीत. मी चार ठेवते. एक मूल पडलं की एक माणूस त्याच्याबरोबर जातं, आणि मग उरलेल्यांचा हिशोब मोडतो. चौथ्या माणसाला मी कुठलाच गट देत नाही. ते नुसतं हिंडतं, आणि ज्याला काहीच करायचं नसतं त्याच्या शेजारी जाऊन बसतं.

शेवटच्या दिवशीचा कार्यक्रम मी बंद केला. त्याच्या तालमींत शेवटचे तीन दिवस जायचे आणि मुलं एकमेकांवर खेकसायला लागायची. मी पण. काही पालक नाराज झाले, होऊ देत.

मधल्या जागांसाठी मला सापडलेली सगळ्यात छान गोष्ट म्हणजे सावली. सकाळी ९ ला जोड्या करायच्या. एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने खडूने त्याची पावलं आणि सावली आखायची. मग हॉलमधून मैदानात जाता-येता, दर तासाला, त्याच पावलांवर पुन्हा उभं राहायचं. तीन मिनिटांचं काम, आणि रांग आपोआप हलते. गेल्या वर्षी १० वाजता एक मुलगा ओरडला, 'कुणीतरी माझे पाय सरकवले!' सावली सकाळच्या रेषेत मावेना, आखूड होऊन बाजूला गेली होती. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते हे मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पावलांपाशी दोन दगड आणून ठेवले, पुन्हा कुणी सरकवू नयेत म्हणून.

साडेबाराला त्याचे बाबा घ्यायला आले. आज काय शिकलास, विचारलं.

'काही नाही,' तो म्हणाला. 'तुम्ही इथे उभे राहा. हलू नका.' आणि खडू शोधायला पळाला.