टॅक्स दुप्पट, टीप पक्की (नदी ओलांडेपर्यंत)

ठाण्यात आपला हिशोब सोपा असतो. बिल ८७० आलं की नऊशे ठेवायचे आणि उरलेले तीस बडीशेपच्या वाटीखाली सोडून उठायचं, फारच खूष असलो तर वर अजून पन्नास. टक्के कोण काढतंय? आणि बिलात सर्व्हिस चार्ज दिसला की मॅनेजरला बोलवून काढून घ्यायचा, कारण २०२२ पासून ग्राहक प्राधिकरणाची गाईडलाईनच आहे की तो जबरदस्तीने लावता येत नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ती उचलून धरली. एवढ्या तयारीनिशी मी मे महिन्यात न्यूयॉर्कला भाचीकडे गेलो. ती राहते हडसन नदीच्या पलीकडे जर्सी सिटीत, म्हणजे राज्यच वेगळं, न्यूजर्सी. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड त्याच्यावरच आहे.

पहिल्या दिवशी मॅनहॅटनमध्ये जेवलो. दोन बर्गर, दोन बियर, ५४ डॉलर, टॅक्स ४.७९, झाले ५८.७९. वेट्रेस माझं कार्ड घेऊन आत निघून गेली. पिन नाही, ओटीपी नाही, कार्ड डोळ्याआड! मी अर्धा उठलोच होतो, भाची म्हणाली मामा बस रे, इथे असंच असतं. मग ती कार्डासोबत दोन स्लिपा घेऊन आली, एक त्यांची एक आपली, आणि त्यांच्या स्लिपेवर टीप नावाची रिकामी ओळ, खाली टोटलची रिकामी ओळ, खाली सही. म्हणजे कार्ड घासून झाल्यावर आकडा आपण हाताने लिहायचा आणि ते तो नंतर चढवणार. मला फोनवर आधी ५८.७९ चा मेसेज आला आणि दोन दिवसांनी बघतो तर तिथे ६८.७९. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं कार्डच हॅक झालं.

दहा डॉलर कसे काढले ते सांगतो, ही भाचीची ट्रिक. न्यूयॉर्क शहरात हॉटेलच्या बिलावर सेल्स टॅक्स ८.८७५ टक्के. "मामा, टॅक्सची ओळ बघ आणि डबल कर, वर थोडं राउंड कर." ४.७९ दुणे ९.५८, म्हणून दहा. दुप्पट केलं की पावणेअठरा टक्के होतात, आणि तिथे अठरा ते वीस ही रीतच आहे. मला तर ही ट्रिक इतकी आवडली की चार दिवस मी भेटेल त्या देशी माणसाला ती सांगत सुटलो होतो, ते बिचारे दहा दहा वर्षं तिथे राहिलेले, हो हो म्हणत ऐकून घेत होते.

पण वीस टक्के का? मी पहिल्या रात्री वाद घातलाच. मालकाने पगार द्यावा ना, गिऱ्हाईकाच्या डोक्यावर का? तर तिकडे केंद्राच्या कायद्यात टीप मिळणाऱ्या कामगाराचा कमीत कमी पगार ताशी २.१३ डॉलर आहे आणि तो १९९१ पासून हललेला नाही. टीप धरून नेहमीचं मिनिमम वेज भरलं नाही तर मालकाने फरक द्यायचा असा नियम. न्यूयॉर्क न्यूजर्सीत आकडा वरचा आहे, कॅलिफोर्नियात तर पूर्ण मिनिमम वेज द्यावंच लागतं, तरी तिथेही टीप सुटत नाही. वर बऱ्याच ठिकाणी वेट्रेसला आपल्या टिपेतून टेबल पुसणाऱ्या पोराला आणि बारवाल्याला वाटा द्यावा लागतो. म्हणजे आपण ज्याला बक्षीस म्हणतो ते तिथे जेवणाच्या किमतीचाच उरलेला तुकडा आहे, फक्त मेन्यूवर छापलेला नाही. न्यूयॉर्कच्याच डॅनी मेयर या मोठ्या हॉटेलवाल्याने २०१५ मध्ये टीप बंद करून किमतीच वाढवून बघितल्या, २०२० मध्ये टीप परत आणली. त्याला नाही जमलं तिथे ठाण्याचा मामा काय वाद घालणार.

बारचं गणित वेगळं आणि मला जास्त पटलेलं. ईस्ट व्हिलेजमध्ये एका अंधाऱ्या बारमध्ये काउंटरला बसलो, बियर आठ डॉलर, मी वीसची नोट दिली तर बारवाल्याने एक दहाची आणि दोन सुट्ट्या एकच्या नोटा आणून ठेवल्या. सुट्ट्या एकच्या का ते मला नंतर कळलं! बियरला एक, फार तर दोन, कॉकटेल असेल तर दोन, आणि हातात द्यायचे नाहीत, काउंटरवर ठेवून द्यायचे, तो त्याच्या सवडीने उचलतो. कार्ड देऊन टॅब, म्हणजे आपलं खातं, उघडा ठेवला तर शेवटी सगळ्यावर वीस टक्के. मी प्रत्येक बियरला एक डॉलर ठेवत गेलो, चौथी त्याने माझ्यासमोर ठेवली आणि काउंटरवर दोनदा बोटं वाजवली, म्हणजे ही माझ्याकडून. भाची म्हणाली याला बायबॅक म्हणतात, जुन्या बारमध्ये अजून चालतं. आपल्या परमिट रूममध्ये ओळखीचा वेटर न मागता चकण्याची दुसरी डिश आणून ठेवतो ना, तसंच वाटलं. त्याला मी पाच ठेवले, टक्के न काढता.

स्क्रीनचा मात्र वैताग. कॉफी आपणच उभं राहून घ्यायची, आपणच नेऊन प्यायची, आणि ती पोरगी टॅब्लेट आपल्याकडे फिरवते, १८, २०, २५, आणि नो टिप खाली कोपऱ्यात बारीक. मागे रांग. पहिले दोन दिवस मी घाबरून १८ दाबत होतो, मग शिकलो, टेबलवर कोणी वाढत असेल तर द्यायची, नुसती कॉफी हातात दिली तर नाही दिली तरी चालतं.

शेवटच्या रात्री जर्सी सिटीत ग्रोव्ह स्ट्रीटजवळ जेवलो. भाचीला पाच रात्री खर्च झालेला, म्हणून मी ठरवलं होतं बिल मीच देणार, ती हात धुवायला गेली तेवढ्यात कार्ड देऊन मोकळा झालो. जेवण ६२, टॅक्स ४.११, दुणे ८.२२, लिहिलं, टोटल ७४.३३, ऐटीत सही. बाहेर येऊन फुटपाथवर अभिमानाने स्लिप दाखवली. ती थांबलीच. "मामा, हे जर्सी आहे. इथे टॅक्स सहा पूर्णांक काहीतरी आहे." ६.६२५. दुप्पट केलं तरी सव्वातेराच. वेट्रेस छान होती, दोनदा पाणी भरून गेली, पोटभर हसून बोलली, आणि मी तिला अगदी पैशापर्यंत मोजून कमी देऊन आलो होतो, ते ८.२२ बघून तिला वाटलं असणार की म्हाताऱ्याने मुद्दाम काढलेत.

खिशात पाचची एकच नोट होती. आत गेलो तर टेबल पुसून झालेलं, नवीन माणसं बसत होती, ती काउंटरपाशी भेटली. नोट पुढे केली आणि माझ्या इंग्रजीत टॅक्स, न्यूयॉर्क, डबल, मिस्टेक एवढं सांगितलं. तिला काय कळलं देव जाणे, पण हसून म्हणाली, "ओह, यू डिडन्ट हॅव टू!"

बाहेर येऊन भाचीला सांगितलं, बघ, ती म्हणते द्यायची गरज नव्हती.

"होती," ती म्हणाली.